घाम, गरम आणि थर्मामीटर



वैशाखात अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की झाडाखाली बसलेला शेतकरी घाम पुसत म्हणतो, "लय तपून राह्यलं बा!" घरी पोराचं अंग गरम लागलं, तर दवाखान्यात थर्मामीटर लावतात. आता हे तीन शब्द पाहा : घाम, गरम, थर्मामीटर. पहिला घरचा, दुसरा फारसीतून आलेला, तिसरा इंग्रजीबरोबर आलेला. पण घाम, गरम आणि थर्मामीटरमधला 'थर्म' हे तिघे एकाच मुळाचे आहेत, असं मी म्हटलं तर तुम्हाला पटेल का?

पटवून घेण्यापूर्वी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नुसतं सारखं ऐकू येणं हा पुरावा नव्हे. 'जळ' आणि 'जळणे' हे शब्द जुळे भाऊ वाटतात. पण एक आला 'जल' या शब्दावरून आणि दुसरा 'ज्वल्' या धातूवरून. पाण्याचा आणि आगीचा येथे काहीच संबंध नाही.

मग पुरावा कोणता? तर नियम. संस्कृत 'चर्म' प्राकृतात 'चम्म' झालं आणि मराठीत 'चाम'. 'कर्म'चं 'कम्म' आणि मग 'काम'. त्याच वाटेने 'घर्म'चं 'घम्म' आणि 'घाम' झालं. 'घर्म' म्हणजे मुळात ऊष्मा. हिंदीत घाम म्हणजे अजूनही ऊन. आपल्याकडे अर्थ उन्हाकडून अंगावरच्या पाण्याकडे सरकला, इतकंच.

आता घराबाहेर पाहू. संस्कृतात 'घर्म', फारसीत 'गर्म', ग्रीकमध्ये 'थेर्मोस', जुन्या लॅटिनमध्ये 'फोर्मुस'. अर्थ सर्वत्र ऊब किंवा उष्णता. शेवटचा 'र्म' कायम आहे. बदलला तो आरंभीचा ध्वनी, आणि तोही ज्या त्या भाषेच्या नियमाने. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, हे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात सुचवलं. पुढच्या शतकात पंडितांनी हे नियम बसवले आणि 'ग्व्हेर्' असं एक मूळ ठरवलं. त्याच्यापुढे ते तारा काढतात. तारा म्हणजे कबुली : हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, तो तर्काने काढलेला आहे.

विस्तवाभोवतीचे आपले पुष्कळ शब्द असेच जुने आहेत. 'आग' ही 'अग्नि'ची लेक. लॅटिनमध्ये तिचा आप्त 'इग्निस', लिथुआनियनमध्ये 'उग्निस'. 'ऊन' आलं 'उष्ण'वरून. लॅटिनमध्ये 'ऊरो' म्हणजे मी जाळतो. 'दाह' शब्दाजवळ लिथुआनियन 'देग्ति', म्हणजे जळणे. आणि 'तप्'जवळ लॅटिन 'तेपिदुस', म्हणजे कोमट. मराठीचा असा माग झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने १९२० साली ग्रंथरूपाने मांडला, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ साली निघाला.

शिक्षकबंधूंनो, आता माझी एक चूक सांगतो. नवा नवा शिकवू लागलो होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या निबंधात 'गरम' शब्द आला. मी तो परका म्हणून लाल शाईने खोडला आणि वर 'उष्ण' लिहिलं. मुलाने मुकाट्याने वही घेतली. ज्याला मी परका म्हणून बाहेर काढलं, तो आपल्या घामाचाच चुलतभाऊ होता, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून विनंती एवढीच. प्रमाण भाषा मुलांना अवश्य शिकवा. परीक्षेला, अर्जाला ती लागते. पण वऱ्हाडी पोर "ऊन तपून राह्यलं" म्हणालं, तर "अशुद्ध!" म्हणून त्याला गप्प बसवू नका. त्याच्या तोंडी 'तपति'मधला 'तप्' जसाच्या तसा आहे. फळ्यावर तो शब्द लिहा, शेजारी 'ताप' लिहा आणि विचारा, "यांचं नातं काय रे?" पोरं स्वतःच शोधायला लागतील.