इस्पितळाचें वळण
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामांतील कितीएक मुली परिचारिकेचें काम करितात, आणि आपल्या घरचीं वडील माणसें केव्हां ना केव्हां इस्पितळाच्या खाटेवर पडतात. ह्यास्तव आज आम्ही जो विषय आपणांपुढें मांडीत आहों, तो दोन्ही बाजूंनीं आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

सोयरीक जुळवितांना आपले वडील घराचें वळण पाहात. ओटी किती मोठी हें नव्हे, तर दारीं आलेल्यास पाणी कोण विचारतो, सून बोलूं लागली असतां सासू काय करिते, हें. इस्पितळासहि असेंच वळण असतें; आणि रुग्णास माणूस म्हणून वागविलें जाईल कीं नाहीं, हें एखाद्या सेविकेच्या मायाळूपणापेक्षां त्या वळणावर अधिक अवलंबून असतें.

इंग्लंडांतील स्टॅफर्ड येथील इस्पितळाची हकीकत ह्या बाबतींत डोळे उघडणारी आहे. २००५ ते २००९ ह्या काळांत तेथें कित्येक रुग्णांस पाण्याचा पेला हाताशीं मिळत नसे. जेवण समोर येई, पण भरविणारें कोणी नसे. मळलेल्या अंथरुणांत पडून राहावें लागे, आणि घंटा वाजविली तरी कोणी फिरकत नसे. आश्चर्य हें कीं, ह्याच दिवसांत, २००८ च्या फेब्रुवारींत, त्या संस्थेस कारभाराची अधिक स्वायत्तता देणारा मानाचा दर्जा मिळाला! रॉबर्ट फ्रान्सिस ह्यांनीं चौकशी करून ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत २९० शिफारसी आहेत, आणि त्यांचा मुख्य रोख वळण पालटण्याकडे आहे. कारभाऱ्यांचें लक्ष जमाखर्चावर व ठरवून दिलेल्या आंकड्यांवर होतें, मनुष्यबळ अपुरें होतें, आणि रुग्णांचें गाऱ्हाणें कोणी मनावर घेत नव्हतें. तेथील परिचारिका सर्व पाषाणहृदयी होत्या काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वाईटाची संवय झाली, एवढेंच.

मग हें वळण ओळखावें कसें? दप्तर तपासून तें कळत नाहीं. आमच्याकडे तर तपासणीदार येणार म्हटलें कीं चादरी बदलतात, आणि तो गेला कीं जुन्या परत येतात. ब्रेंडन मॅक्कॉर्मॅक व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००९ सालीं निराळी रीत प्रसिद्ध केली. पाहणारानें आधीं तेथील सर्वांस आपला हेतु सांगावा, मग कक्षांत स्वस्थ बसून नजरेस पडेल तें टिपावें: जागा कशी आहे, बोलणें कसें चालतें, रुग्णाची अब्रू राखली जाते काय, त्याच्या उपचारांत त्याचें मत विचारतात काय, काम करणारे एकमेकांस हात देतात काय. आम्ही स्वतः पाहावयास बसलों, तर असें पाहूं: कपडे बदलतांना पडदा ओढला जातो काय? 'सात नंबर' म्हणतात, कीं नांवानें हांक मारितात? डॉक्टर आजीशीं बोलतात, कीं आजीच्या डोक्यावरून तिच्या मुलाशीं?

परंतु ह्या रीतीचें खरें मर्म पुढेंच आहे. टिपलेलें वरिष्ठांकडे चहाडीसारखें धाडावयाचें नाहीं. तें प्रथम काम करणारांपुढेंच ठेवावयाचें. 'आम्हांस असें दिसलें. आपणांस काय वाटतें?' असें विचारावयाचें, आणि काय बदलावयाचें तें त्यांच्याच विचारानें ठरवावयाचें. पुष्कळदां त्यांस स्वतःलाच आश्चर्य वाटेल. रोजच्या रगाड्यांत पडदा ओढावयाचा राहिला, हें ध्यानींहि आलेलें नसतें. दोष दाखविला म्हणजे शिक्षा, अशी जेथें भीति आहे, तेथें ही पाहणी न केलेलीच बरी.

सेविकेस जेथें कोणी माणूस म्हणून वागवीत नाहीं, तेथें तिनें रुग्णास तसें वागवावें ही अपेक्षा फार दिवस टिकत नाहीं. ह्यास्तव आपणांस एक विनंती आहे. आपली मुलगी रात्रपाळी करून घरीं आली, म्हणजे पगार वाढला काय, एवढेंच विचारूं नका. रात्रीं किती खाटा तिच्या एकटीच्या अंगावर होत्या, कोणाचें जेवण तसेंच राहिलें, आणि तें तिनें सकाळीं सांगितलें तेव्हां तिचें कोणी ऐकून घेतलें काय, हेंहि विचारा. आणि ती सांगूं लागली, तर चहा निवला तरी बसून ऐका.