डोळे बांधून दिलेली परीक्षा

अमेरिकेत ड्रॅग रेसिंगच्या वेगवान गाडीचा परवाना मागायला गेलेल्या माणसाचे आधी डोळे बांधतात. गाडी जागेवरच उभी असते. त्याला सीटवर बसवून पट्टे आवळतात आणि परीक्षक एकेक नाव घेत जातो. इंधनाचा कॉक, इग्निशनचा स्विच, ब्रेक, पॅराशूटची दांडी, आग विझवायची कळ. नाव ऐकताच हात नेमका तिथे गेला पाहिजे. या परीक्षेमागचं कारण सरळ आहे. धावत्या गाडीचं इंजिन फुटलं, काचेवर तेल उडालं, आत धूर भरला, की ड्रायव्हरला काही दिसत नाही. हाताला जेवढं पाठ असेल, तेवढंच त्या क्षणी उपयोगी पडतं.

मी धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात मोटार मेकॅनिकचं काम शिकवतो. शिकायला येणारी बहुतेक मुलं शेतकऱ्यांच्या घरची, काही मिरचीच्या व्यापारात राबणाऱ्यांची. नवी दुचाकी दारात आली की त्यांचा एकमेकांना पहिला प्रश्न असतो, "कितली पयस रे तुनी गाडी?" या प्रश्नात मला काही वावगं वाटत नाही. यंत्र किती पळतं, का पळतं, हे विचारल्याशिवाय कुणी चांगला मेकॅनिक होत नाही. मला काळजी आहे ती पुढची. उत्तर शोधायला ही मुलं संध्याकाळी शहाद्याच्या नाही तर सोनगीरच्या रस्त्यावर जातात. म्हणूनच, जिथे हा प्रश्न नीट विचारता येतो त्या जागेबद्दल आणि तिथल्या परवान्याबद्दल आज बोलायचं ठरवलं.

ड्रॅग रेस ही मोटार शर्यतीतली सर्वांत साधी शर्यत. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि सरळ पट्टीवर चौथाई मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर पळतात. मधोमध दिव्यांचा एक खांब असतो. 1963 पासून वापरात असलेल्या या खांबाला तिकडे ख्रिसमस ट्री म्हणतात. पुढची चाकं रेषेवर नीट आली की वरचे छोटे दिवे लागतात, मग पिवळे, मग हिरवा. अव्वल गटांत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि 0.4 सेकंदानं हिरवा. त्याआधी गाडी हलली तर तांबडा दिवा लागतो आणि ती फेरी तिथेच हरलेली असते.

आता यातली एक गंमत माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडते, ती तुम्हालाही सांगतो. घड्याळं दोन असतात. हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात आणि गाडी हलल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेगळा. समजा एका गाडीला पट्टी कापायला 12 सेकंद लागली आणि दुसरीला 12.1. पण दुसरीचा ड्रायव्हर दिव्याला 0.2 सेकंद आधी निघाला, तर रेषेवर आधी पोहोचतो तोच. इंजिनावर हजारो रुपये ओतलेला मुलगा, साध्या गाडीवरच्या सावध मुलासमोर असा हरू शकतो. हे वर्गात समजावलं की मुलं गप्प होतात आणि मग प्रश्नांची रांग लागते.

तर परवाना. अमेरिकेत या शर्यतींचा कारभार नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था पाहते. साधी, रस्त्यावरची गाडी घेऊन कुणी आलं तर नेहमीचा ड्रायव्हिंग परवाना, गाडीची तपासणी आणि ठरलेली सुरक्षा साधनं एवढ्यावर त्याला पट्टीवर सोडतात. पण गाडी चौथाई मैल 10 सेकंदांच्या आत कापत असेल, तर संस्थेचा स्पर्धा परवाना लागतो. 10 सेकंद म्हणजे किती? सरासरी वेग ताशी सुमारे 145 किलोमीटर, तोही उभ्या गाडीपासून सुरुवात करून. शेवटच्या रेषेवर ती ताशी 200 किलोमीटरच्या पुढे गेलेली असते.

परवान्यासाठी आधी डॉक्टरकडून तपासणी. मग ती डोळे बांधून घेतलेली चाचणी. मग धावा, त्याही पायरीपायरीनं. पहिल्या धावांत फक्त सुटायचं आणि थोड्या अंतरावर गाडी सोडून द्यायची. त्या जमल्या तर अर्ध्या पट्टीपर्यंत. त्याही जमल्या तर शेवटपर्यंत. गाडी सरळ राहिली का, ब्रेक वेळेवर लागले का, ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंग ओढतो का, हे आधीच परवाना असलेले दोन ड्रायव्हर पाहतात आणि त्यांनी सही केल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. त्या सहीत मोठी जबाबदारी आहे. उद्या हाच माणूस त्यांच्या शेजारच्या पट्टीवर उभा राहणार असतो! आणि एका गटाचा परवाना त्याहून वेगवान गटाला चालत नाही. तिथे पुन्हा धावा, पुन्हा सह्या.

साधनांचंही तसंच. वेग वाढत जाईल तशी यादी वाढते. ठरावीक वेळेच्या खाली हेल्मेट, त्याच्याही खाली गाडीच्या आत लोखंडी नळ्यांची चौकट, पुढे पूर्ण पिंजरा, आगीला तोंड देणारे कपडे, आणि ताशी 150 मैल, म्हणजे साधारण 240 किलोमीटरपासून पॅराशूट. यातले बरेच नियम कुठल्या ना कुठल्या अपघातानंतर आलेले आहेत. सर्वांत वेगवान गटांच्या गाड्या आता चौथाई मैल पळतही नाहीत. जून 2008 मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाऊनच्या पट्टीवर स्कॉट कलिटा हा नामवंत ड्रायव्हर मरण पावला आणि पुढच्याच महिन्यात त्या गटांचं अंतर 1,320 फुटांवरून 1,000 फुटांवर आणलं गेलं. पट्टीची लांबी तेवढीच राहिली, थांबायला जागा वाढली.

या परवान्याचा विषय निघाला की शर्ली मल्डाउनीचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. टॉप फ्यूएल या सर्वांत वेगवान गटाचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. साल 1973. हे बाईचं काम नाही असं म्हणणारे तेव्हा थोडे नव्हते. 1977, 1980 आणि 1982, असं तीनदा तिनं त्या गटाचं विजेतेपद मिळवलं. 1984 मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलजवळ तिच्या गाडीला भीषण अपघात झाला, दोन्ही पाय मोडले. दीर्घ उपचारांनंतर 1986 मध्ये ती पुन्हा पट्टीवर उतरली. आमच्या वर्गात आता मुलीही येऊ लागल्या आहेत. त्यांना मी ही हकीकत मुद्दाम सांगतो.

पण आपल्या दृष्टीनं या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग त्याच्या सुरुवातीला आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातली तरुण मुलं जुन्या मोटारी घेऊन, त्यांची इंजिनं खोलून, रात्री रस्त्यांवर शर्यती लावत होती. लोक वैतागले होते, पोलीस मागे लागले होते. 1950 मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर, तिकीट लावून ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. 1953 मध्ये तिची पहिली अधिकृत शर्यत पोमोना इथे झाली, तीही स्थानिक पोलिसांच्या सहकार्यानं. आणि 1954 मध्ये या संस्थेची चार माणसं एका मोटारीला ट्रेलर जोडून देशभर निघाली. गावोगावी जायचं, तिथल्या मुलांना, क्लबांना आणि पोलिसांना एकत्र बसवायचं, पट्टी कशी आखायची, गाडी कशी तपासायची, वेळ कशी मोजायची हे दाखवायचं आणि पुढच्या गावाला जायचं. मुलांना नुसतं हाकलून देण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड होतं. त्यांनी ते केलं.

आपल्या देशात मोटार स्पर्धांचा परवाना देते ती फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, चेन्नईची संस्था. आरटीओचा परवाना आणि हा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक रस्त्यासाठी, दुसरा स्पर्धेसाठी, आणि पहिला दुसऱ्याच्या जागी चालत नाही. आपल्याकडेही हा खेळ धावपट्टीवरच रुजला. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर कित्येक वर्षं शर्यती भरत. पुढे 1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे कायमचा ट्रॅक झाला. तिथे दुचाकींची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा होते. बंगळूरच्या हेमंत मुद्दप्पानं तिथेच मोठ्या मोटारसायकलवर 402 मीटर 8 सेकंदांच्या आत कापले आहेत. आणि आमच्या मुलांनी कान देऊन ऐकावं असं म्हणजे, लहान इंजिनाच्या दुचाकींसाठीही तिथे वेगळे गट असतात. लाखो रुपयांची गाडी हवीच असं नाही.

महाराष्ट्रात ड्रॅगसाठी अशी कायमची पट्टी नाही. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर चौथाई मैलाच्या स्पर्धा झालेल्या आहेत. बंद ट्रॅकवरच्या शर्यतीत मात्र आपली माणसं चमकली आहेत. पुण्याच्या डायना पंडोल 2024 मध्ये चेन्नईत राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाच्या विजेत्या ठरल्या. अशी राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दोन मुलांची आई, पेशानं शिक्षिका. कोल्हापुरातूनही चांगले रेसर घडले.

आणि खानदेशात? श्रोतेहो, आपल्या धुळे जिल्ह्यात धावपट्ट्या आहेत. धुळ्याला गोंदूरला आहे, शिरपूरला तांड्याला आहे. तिथे तरुण मुलंमुली विमान चालवायला शिकतात. शिकाऊ वैमानिकाला शिक्षक आधी शेजारी बसून शिकवतो आणि खात्री पटली की मगच एकट्याला सोडतो. म्हणजे पायरीपायरीनं परवाना ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला अगदीच परकी नाही.

वेगाची हौसही आपल्याला नवी नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरातले घोडे येतात. घोडा घेणारा माणूस आधी दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चाल पाहतो, मग लगाम हातात धरतो. भर बाजाराच्या गर्दीत कुणी घोडा चौखूर सोडत नाही. मोटारसायकलच्या बाबतीत हे शहाणपण आपण का विसरतो, हे मला खरोखर कळत नाही.

कारण रस्त्यावर जे होतं, त्याचा हिशोब सोपा आणि भयंकर आहे. ताशी 50 किलोमीटरवर ब्रेक दाबल्यावर गाडी साधारण 14 मीटरमध्ये थांबते, असं धरू. वेग दुप्पट, ताशी 100 झाला, तर हे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं, 56 मीटर. त्यात डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरा. त्या सेकंदात गाडी आणखी 28 मीटर पुढे जाते. एकूण 84 मीटर. आमच्या रस्त्यावर 84 मीटरच्या आत काय काय येतं? उसाची ट्रॉली, शेतातून घरी निघालेली बैलगाडी, सायकलवरची शाळेची मुलगी, मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर. ड्रॅगच्या पट्टीवर रेषेच्या पुढे थांबायला लांबच लांब मोकळी जागा सोडलेली असते आणि टोकाला रुग्णवाहिका उभी असते. दोंडाईचा-शहादा रस्त्यावर यातलं काहीच नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाग घेणारा जसा दोषी, तसा शर्यत होऊ देणाराही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी देणाऱ्या आईवडिलांनी कलम 199 अ जरूर वाचावं. मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही.

पण नुसत्या शिक्षेनं ही हौस जात नाही. म्हणून माझं सांगणं दोन्ही बाजूंना आहे. जिल्हा प्रशासन, पोलीस, परिवहन कार्यालय आणि फेडरेशनशी संलग्न असलेला एखादा क्लब यांनी एकत्र बसावं. विमान प्रशिक्षणाला अडथळा न येता वर्षातून एक दिवस खानदेशातली एखादी धावपट्टी मिळते का, हे पाहावं. वेळ मोजणारी यंत्रं, डॉक्टर, अग्निशमन बंब, दोन्ही बाजूंना मजबूत कठडे, आणि परवान्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नाही. गाड्या तपासायला आमचे विद्यार्थी येतील. ते काम त्यांना येतं.

आणि मुलांनो, तुम्हाला. अठरा पूर्ण होऊ द्या. आरटीओची चाचणी स्वतः द्या, परवाना दुसऱ्या कुणाच्या मार्फत घरी मागवू नका. डोळे आणि हृदय डॉक्टरकडून तपासून घ्या. फेडरेशनच्या स्पर्धा परवान्याचे नियम वाचा आणि रीतसर अर्ज करा. तोपर्यंत एक गोष्ट घरच्या अंगणातही करता येईल. गाडी स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा, डोळे रुमालानं बांधा आणि मित्राला एकेक नाव घ्यायला सांगा. क्लच, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, किल स्विच, पेट्रोलचा कॉक. हात किंवा पाय एकदाही चाचपडला, तर वेगाची गोष्ट अजून काढू नका.