मूळ छायाचित्रांचे जतन

(छायाचित्रकार व माहिती सहायकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांना भूकंपाचा तडाखा बसला. किल्लारी परिसरात त्या दिवसांत टिपलेली छायाचित्रे फिल्मवरची होती. निगेटिव्ह हाताशी असली, की तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. प्रत कशीही कापली, तरी निगेटिव्हला धक्का लागत नसे. डिजिटल छायाचित्रणात हे संरक्षण आपोआप मिळत नाही, ते आपल्याला निर्माण करावे लागते.

संगणकावर मूळ फाईल उघडली, कडा कापल्या, उजेड वाढविला आणि त्याच नावाने ती जतन केली, की मूळ चित्र कायमचे गेले. शिवाय जेपेग स्वरूपातील फाईल बदल करून पुन्हा जतन केली, की दर वेळी तिच्यातील थोडा तपशील नष्ट होतो. म्हणून मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि संस्कार तिच्या प्रतीवरच करावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने धाडलेले चित्र आकसते, आणि कॅमेऱ्याने फाईलमध्ये नोंदविलेली तारीख-वेळही सहसा त्यातून निघून जाते. तातडीच्या बातमीसाठी ते पुरेसे असेल. परंतु संग्रहात तेवढेच उरले, तर पुढे मोठ्या आकाराच्या छपाईसाठी हाती काही राहत नाही.

नावाचा प्रश्नही असाच आहे. पुष्कळ कॅमेरे 9999 नंतर पुन्हा 0001 पासून मोजणी सुरू करतात. त्यामुळे दोन भिन्न प्रसंगांच्या चित्रांना एकच नाव मिळते आणि एकावर दुसरे पडून पहिले पुसले जाण्याची भीती असते. वर्ष, महिना, दिवस, गाव, विषय आणि क्रमांक या क्रमाने नाव दिल्यास हा धोका टळतो व फाईली कालक्रमाने आपोआप लागतात. मात्र कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर आहे ना, हे दौऱ्यापूर्वी पाहावे.

चित्रओळ त्याच दिवशी लिहावी. व्यासपीठावरील मान्यवरांची नावे आपण डावीकडून उजवीकडे न चुकता लिहितो. टँकरपाशी हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. तिच्या गावाचे नाव तरी हवे! धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचे एकच चित्र उरले असेल आणि त्यावर केवळ 'ग्रामस्थ' एवढीच नोंद असेल, तर त्या गावच्या नातवंडांना ते सापडणार कसे?

आता सुरक्षिततेविषयी. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तीत असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. एकाच इमारतीत ठेवलेल्या दोन प्रतींचा अशा वेळी काय उपयोग? तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी, हा छायाचित्रकारांत रूढ झालेला नियम आपणही पाळावा. हार्ड डिस्क आज ना उद्या बंद पडणारच, हे गृहीत धरावे. निदान दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नये. पुष्कळांना वाटते, की इंटरनेटवरील साठवणुकीत चित्रे आपोआप जातात, तेव्हा काळजी मिटली. परंतु जिथे दोन्ही ठिकाणे सतत एकमेकांशी जुळविली जातात, तिथे इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते. काही सेवांत ते थोडे दिवस परत मिळविता येते, इतकेच. ती जुळणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. राखीव प्रतीतील काही फाईली वर्षातून एकदा तरी उघडून पाहाव्यात.

शेवटी बदलीविषयी थोडे. अधिकारी बदलून जातो, पदभाराच्या यादीत टेबल-खुर्च्यांची नोंद होते आणि तीन वर्षांची छायाचित्रे त्याच्या खाजगी मोबाईलमध्ये निघून जातात. यापुढे त्या यादीत संग्रहाची डिस्क कोणती, ती कोठे ठेवली आहे, दुसरी प्रत कोणाकडे आहे आणि संकेतशब्द कोणाच्या स्वाधीन केला, या चार नोंदी घालाव्यात आणि त्यांवर दोघांच्याही सह्या घ्याव्यात.