कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उमेदवारीचा प्रश्न
(व्याख्यानाचा गोषवारा)



कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या राहणार की जाणार, ही चर्चा सध्या घरोघरी चालते. तिचा एकच भाग मी आपणांपुढे मांडणार आहे. कारण पेढी, दुकान व कचेरी यांवर उभ्या राहिलेल्या कुटुंबांशी त्याचा निकटचा संबंध आहे. नवशिक्याने यापुढे काम शिकावयाचे कोठे?

जुन्या पेढीची रीत येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. मुलगा आधी रोजकीर्द लिही, मग खतावणी करी, तेरीज जुळवी. ताळेबंदाला त्याचा हात लागे तो पुष्कळ पुढे. काम कंटाळवाणे खरे, परंतु ते करता करताच कोणाची उधारी बुडीत जाणार आणि कोणता आकडा संशयास्पद आहे, हे त्याला उमगू लागे. यालाच आपण उमेदवारी म्हणत आलो. आज बिलाच्या छायाचित्रावरून नोंद करणे, तगाद्याचे पत्र लिहिणे, वस्तू व सेवा कराचे तपशील पडताळणे, ही नेमकी उमेदवाराचीच कामे यंत्र क्षणार्धात उरकते.

यंत्राचे भय आपल्याला नवे नाही. बँकांतील यांत्रिकीकरणाबाबत कर्मचारी संघटना व इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात १९८३ च्या सप्टेंबरात करार झाला. पाठोपाठ १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. त्या वेळी संघटनांचा विरोध कडवा होता. तरी ते परिवर्तन शाखाशाखांतून सावकाश, दशकाहून अधिक काळ रेंगाळत आले, आणि खतावणीवरचा कारकून खिडकीवर जाऊन बसण्यास अवधी मिळाला. चॅटजीपीटी मात्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे आले आणि दोन-तीन वर्षांतच कचेऱ्यांत रुळले. मला चिंता वाटते ती या वेगाची.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील वेतननोंदी तपासून एक निष्कर्ष मांडला. ज्या व्यवसायांना या तंत्राची झळ सर्वाधिक, त्यांतील २२ ते २५ वर्षे वयाच्या तरुणांचा रोजगार तुलनेने १३ टक्क्यांनी घटला होता. त्याच व्यवसायांतील अनुभवी माणसे बहुधा टिकून होती. कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि अमेरिकेचे माप हुबळीला जसेच्या तसे लावू नये हेही खरे. परंतु अनुभवी माणूस आज हवा असेल, तर त्याला काल कोणीतरी उमेदवार म्हणून ठेवून घेतलेले असावे लागते!

लाभाची बाजूही विसरता कामा नये. दुर्गदबैलातील एखाद्या लहान दुकानदाराला घरी मराठी वा कोंकणी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि सरकारी कागदांना इंग्रजी, अशी कसरत करावी लागते. त्याला पगारी लेखनिक कधीच परवडला नाही. त्याचे पत्र आता यंत्र लिहून देते. धारवाडला २०१५ मध्ये भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि २०१६ मध्ये आय.आय.टी. आली, तेथील विद्यार्थी ही यंत्रे घडविण्यास शिकतील. आपली बहुसंख्य मुले मात्र वाणिज्य शाखेचे पदवीधर होऊन हिशेबनिसाच्या पहिल्या जागेकडेच पाहतात.

म्हणून एक सूचना करतो. आपल्यांत घाऊक व्यापारी आहेत, करसल्लागार आहेत, हॉटेलचालक आहेत. प्रत्येकाने वर्षाला एक पदवीधर उमेदवार ठेवावा. यंत्राने केलेला हिशेब त्याच्या हाती देऊन त्यातील चूक शोधावयास सांगावे. पहिले काही महिने त्याने तोच हिशेब स्वतः हातानेही करावा, नाहीतर चूक त्याला दिसणार कशी? १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहेच. पदवीधर शिकाऊंच्या विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकारही उचलते. ज्यांची पेढी एवढी मोठी नाही, त्यांनी दोघा-तिघांत मिळून एक मुलगा वा मुलगी घ्यावी. हिशेबाचे वर्ष एप्रिलात सुरू होते. उमेदवार तेव्हाच रुजू झाला, तर वर्षभराचे चक्र त्याला आरंभापासून पाहावयास मिळेल.