बाळाची वाटी आणि आईचा वेळ



पत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून काही मंडळींनी चिटणीसांकडे चौकशी केली असे मला कळले. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत हे विषय सोडून कामगार संघटनेचा माणूस तान्ह्या मुलाला फळे कुस्करून कशी भरवावीत ह्यावर काय बोलणार, अशी शंका येणे साहजिक आहे. छपाईत चूक झालेली नाही. विषय मीच सुचवला. मी डॉक्टर नाही. जे सांगावयाचे आहे ते थोडे पुस्तकांत वाचलेले, थोडे बालरोगतज्ज्ञांना विचारून घेतलेले, आणि बरेचसे कामकरी बायकांच्या चुलीपाशी बसून पाहिलेले आहे.

प्रथम मूळ गोष्ट. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध, आणि फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको. सहा महिने पुरे झाले की दूध चालूच ठेवून वरचे अन्न सुरू करावयाचे, आणि अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावयाचे. हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपले सरकारी दवाखानेही सांगतात. आपल्याकडे उष्टावणाचा विधी आहे तो ह्याच सुमारास. मामाच्या मांडीवर बाळाला बसवतात, चांदीच्या वाटीतली खीर त्याच्या ओठाला लावतात. मौज अशी की मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात, असा आपला जुना नेम. मुलीची पोटाची पिशवी मुलापेक्षा महिनाभर आधी तयार होते असे कोणत्याही शास्त्रात मी वाचलेले नाही. तेव्हा मुलीचे उष्टावण पाचव्यात उरकू नये; विषमच हवे असेल तर सातवा आहे.

आता फळांकडे वळू. आरंभाला केळ्यासारखे फळ नाही. सालीवर तपकिरी ठिपके पडलेले, पुरते पिकलेले केळे घ्यावे. साल हेच त्याचे झाकण, त्यामुळे आतला गर स्वच्छ असतो. फक्त हात, वाटी आणि चमचा स्वच्छ हवा. चमच्याच्या पाठीने केळे वाटीतच दाबून गुठळी मोडावी. फार घट्ट वाटले तर आईचे दूध किंवा उकळून गार केलेले पाणी थेंब थेंब घालावे. किती पातळ करावे ह्याची खूण सोपी आहे: चमचा तिरपा केला तर गर त्यावर टिकला पाहिजे, पाण्यासारखा ओघळता कामा नये. पातळ केले म्हणजे पचायला हलके झाले, अशी समजूत घरोघर आहे. प्रत्यक्षात बाळाचे इवलेसे पोट पाण्याने भरते आणि अन्न बाहेर राहते. केळे थोड्या वेळाने काळे पडते ते हवेमुळे. त्यात विषारी काही नाही. तरी करावे ते भरवण्याच्या वेळीच आणि लागेल तेवढेच.

चिकूचे काम जरा जपून करावे. कच्चा राहिला तर चीक तोंड आवळून टाकतो, आणि त्याची बी गुळगुळीत असून टोकाला आकडा असतो. ती बाळाच्या घशात गेली तर अनर्थ होईल. म्हणून चिकू उभा चिरून बिया आधी मोजून बाहेर काढाव्यात, मग गर चमच्याने खरवडावा. पपईला शिजवणे नको. बिया आणि आतली पातळ त्वचा काढून गर कुस्करला की झाले. रंगावरूनच ओळखावे की डोळ्यांना हवे असलेले अ जीवनसत्त्व तिच्यात भरपूर आहे. सफरचंद मात्र बाळाला कच्चे देऊ नये. साल आणि बियांचा गाभा काढून, फोडी छोट्या डब्यात घालून, वरणभाताच्या कुकरमध्ये वरच्या बाजूला ठेवाव्यात. निराळे इंधन लागत नाही. मऊ झालेल्या फोडी गाळणीतून चमच्याने दाबून काढाव्यात, नाही तर पुरणयंत्रातून. वर्षाकाठी होळीला आणि श्रावणात एक-दोनदा माळ्यावरून उतरणारे हे यंत्र बाळाच्या घरात सहा महिने रोज चालावे, इतके ते ह्या कामाला उत्तम. पेरूही असाच उकडून गाळला म्हणजे बिया वर राहतात.

सध्या आंब्याचे दिवस आहेत. हापूस असो की पायरी, सालीला लागलेला चीक धुऊन काढावा; रायवळाचा रस असेल तर दोर गाळून घ्यावेत. दोन चमच्यांनी सुरुवात करावी, आणि त्या दोन-तीन दिवसांत दुसरा नवा पदार्थ देऊ नये, म्हणजे अंगावर पुरळ उठले तर कशाने उठले हे कळते. आढीतले फळ आणि 'मसाला' लावून पिकवलेले फळ ह्यांतला फरक मंडईत जाणाऱ्यांना ठाऊक आहे. तो मसाला म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी त्याने पिकवलेले फळ विकण्यास बंदी आहे; इथिलीन वायूने ठरलेल्या मर्यादेत पिकवण्यास मुभा आहे. बंदी कागदावर आहे, तेव्हा फळ धुवावे आणि ओळखीच्या माणसाकडून घ्यावे हे बरे.

साखर नको, मीठ नको, आणि पहिले वर्षभर मध मुळीच नको. मधाला आपल्याकडे मान फार. जन्मल्याबरोबर बाळाला मध चाटवतात, गुटी मधात उगाळतात. परंतु मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाला त्यांचे काही वाटत नाही. तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषाने मूल लुळे पडते. फळाचा रसही वर्षाच्या आत देऊ नये. रसात गर राहत नाही, गोडी तेवढी राहते. अखखे द्राक्ष, शेंगदाणा ह्यांनी मूल गुदमरते, म्हणून ते हाताशी ठेवू नयेत.

आणखी एक, मिक्सरविषयी. मिक्सरने गंधासारखा गुळगुळीत गर होतो आणि आई खूश होते. पहिला महिना ते चालेल. पण आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला थोडे भरड, थोड्या मऊ गुठळ्यांचे मिळाले पाहिजे. नाही तर पुढे ते चावायला कंटाळते आणि गुठळी लागली की थुंकते. ह्या बाबतीत चमच्याची पाठ मिक्सरपेक्षा शहाणी आहे.

इतके सारे फळांचे कौतुक केल्यावर सांगितले पाहिजे की फळ हे बाळाचे जेवण नव्हे. जन्मताना शरीरात साठवलेले लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येते, आणि केळ्या-सफरचंदात लोह नावापुरतेच असते. त्यासाठी तूप घातलेला मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व, ज्यांना चालते त्यांनी उकडलेले अंडे, किनारपट्टीवर काटे काढलेली मासळी, असे काही हवे. फळाचा उपयोग असा की पेरू, पपई, आंबा ह्यांतल्या क जीवनसत्त्वामुळे वरणातले आणि नाचणीतले लोह अंगी लागण्यास मदत होते. म्हणून वरणभातामागून चार चमचे गर द्यावा. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरात सुमारे ११ निघाली. उरलेल्या ८९ मध्ये फक्त गरिबांचीच मुले आहेत असे समजून आपण निर्धास्त राहू नये.

हे काम बाजाराने केव्हाच ओळखले आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्रीमाँट गावी डोरोथी गर्बर ही बाई आपल्या तान्ह्या मुलीसाठी घरी भाज्या गाळत बसे. घरच्यांचा डबाबंद अन्नाचा कारखाना होता. हे गाळणे कारखान्यातच का करू नये, असे तिने नवऱ्याला विचारले, आणि १९२८ पासून गाळलेले अन्न डब्यांतून विकले जाऊ लागले. तिचा प्रश्न रास्त होता. तिला गाळण्याचा कंटाळा होता, आणि कोणाला नसतो? पण आज पिशवीत भरलेला गर हातात घेतला तर आपण फळाची किंमत मोजतो त्याहून अधिक त्या गाळण्याची आणि जाहिरातीची मोजतो. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या तयार आहाराची जाहिरात करण्यास मनाई आहे. चांगला कायदा आहे. कोणी जाहिरात केलेली दिसली तर तो मोडला जात आहे हे ओळखावे.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. आमच्या कामात मी वस्त्यांतून फिरतो तेव्हा सात-आठ महिन्यांच्या मुलाच्या हाती मला काय दिसते? चहात बुडवलेले बिस्किट. पुडा पाच रुपयांचा. केळेही साधारण तेवढ्यालाच मिळते. मग केळे का नाही? अडाणीपणा, असे उत्तर सभेत नेहमी मिळते. मी ते एका विडी वळणाऱ्या बाईला विचारले. मूल तिच्या शेजारीच झोळीत होते, म्हणजे घर सोडून जाण्याचा प्रश्न नव्हता. ती म्हणाली, "भाऊ, केळं परवडतं. उठणं परवडत न्हाई." मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटांना तंबाखूची पूड. मुलाला भरवायचे तर उठावे, हात साबणाने दोनदा धुवावेत, पाणी साठवलेले असेल तर ते जपून घ्यावे, वाटी घासावी, केळे कुस्करावे, आणि मूल खेळत खेळत खाते तोवर बसावे. वीस मिनिटे गेली. दिवसातून तीन वेळा म्हणजे तास गेला. मजुरी हजार विड्यांवर मोजतात. न वळलेल्या विड्यांचे पैसे कोणी देत नाही. बिस्किट मात्र पाच वर्षांची थोरली बहीणही देऊ शकते, त्याला हात धुवावे लागत नाहीत आणि ते नासत नाही. त्या बाईचा हिशेब मी तपासून पाहिला. त्यात चूक नव्हती.

हा हिशेब जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका मुलाला अफूची 'बाळगोळी' देऊन निजवीत आणि कामावर जात. त्यांनाही कोणी अडाणी म्हणत, कोणी निर्दय म्हणत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिकाळच्या मदतीचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा, २०१७ ची दुरुस्ती, आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता. पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी रजा, हे सर्वांच्या तोंडी आहे. जरा बोटांवर मोजू. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. सगळी रजा बाळंतपणानंतर घेतली तरी ती संपते नेमकी त्या आठवड्यात, ज्या आठवड्यात बाळाच्या तोंडात पहिला चमचा जावयाचा असतो. आणि आठ आठवडे आधी घेतले असतील तर बाळ तेव्हा जेमतेम चार महिन्यांचे असते. म्हणजे दूध पाजण्याचा काळ कायद्याने थोडाफार सांभाळला आणि भरवण्याचा काळ पाळणाघरावर सोपवला.

पाळणाघराची तरतूद आहे. पन्नास कामगार असलेल्या आस्थापनेने ते ठेवावे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन सुट्या द्याव्यात. मी अशी पाळणाघरे पाहिली आहेत की जिथे भिंतीवर ससा आणि हत्ती रंगवलेले आहेत, तपासणीच्या दिवशी पाळण्यांवर नव्या चादरी आहेत, पण पाणी उकळायला शेगडी नाही. एका ठिकाणी आम्ही व्यवस्थापनाशी बोलणी केली. मागणीपत्रात कलमे होती: शेगडी, झाकणाचे पातेले, साबण, दहा वाट्या-चमचे, आणि दर मुलामागे रोज एक केळे किंवा ऋतूचे फळ. पगारवाढीवर दोन बैठका झाल्या. ह्या कलमांवर पाच. शेगडीने आग लागेल, केळ्याच्या साली पडतील, असे आक्षेप निघाले. शेवटी शेगडी आली. त्या पाळणाघराच्या बाई आता सकाळीच पाणी उकळून ठेवतात, आणि अकराच्या सुटीत आया येऊन भरवतात. उरलेला गर आई खाते, कारण चमचा लागलेली वाटी पुन्हा ठेवावयाची नाही हे तिथे आता सर्वांना माहीत आहे.

पण ऊसतोडणीला, बांधकामावर, घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांना हे पाळणाघर कुठले? अंगणवाडी सहा महिन्यांपुढच्या मुलासाठी आहाराचे पाकीट घरी देते. भरवायला कोण आहे, हे ते पाकीट विचारत नाही. आणि ह्या सभागृहात बसलेल्या पुष्कळांच्या घरी धुणेभांड्याला बाई येते. आपल्या नातवासाठी ती सफरचंद उकडून, गाळून देते. तिचा हात त्या कामात सूनबाईंपेक्षा बसलेला असतो. तिचे मूल त्या वेळी कोणापाशी असते, आणि ते काय खाते, हे मी आपल्याला विचारतो आहे. पन्नास माणसांची आस्थापना तुमच्या घरात नाही, म्हणून कायदा तुम्हाला काही सांगत नाही. तिला मूल घेऊन येऊ द्यावे, गाळणीत दोन फोडी जास्त टाकाव्यात, आणि ती भरवत बसेल ती वीस मिनिटे कामाच्या वेळेत धरावीत. आमच्या कचेरीत घरकामगार बायकांची बैठक असते, तिथे हीच मागणी गेल्या महिन्यात लिहून झाली आहे. ती कागदावर घेऊन त्यांच्यापैकी कोणी आपल्या दारी आली, तर तो कागद दारातच न ठेवता वाचून घ्यावा, एवढे सांगून मी रजा घेतो.