महाजाल आणि दोन कोळी

(इंदूर येथे मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा व्यवसाय अनुवादाचा. तंत्रज्ञानाची पदवी माझ्यापाशी नाही. मराठी वाङ्मयाचे शिक्षण घेऊन गेली वीस वर्षे मी अन्य भाषांतील ग्रंथ मराठीत आणण्याचे काम करीत आले आहे. तेव्हा महाजालाच्या स्वातंत्र्याविषयी बोलण्याचा हिचा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो रास्तच म्हणावा लागेल. माझे उत्तर इतकेच की अनुवादकाला प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते, आणि या विषयातील पहिल्याच शब्दापाशी मी अडखळले.

इंटरनेट या शब्दासाठी मराठीत ‘आंतरजाल’ आणि ‘महाजाल’ असे दोन शब्द वापरले जातात. दोहोंतही ‘जाल’ आहे, म्हणजेच आपले जाळे. आता आपल्या भाषेतील एक मौज पाहा. समुद्रात जाळे टाकतो तो कोळी, आणि घराच्या कोपऱ्यात जाळे विणतो तोही कोळीच. शब्द एक, परंतु विणी दोन. घरातल्या कोळ्याच्या जाळ्याचे मुख्य धागे मध्याकडे जातात. तेथे बसलेल्या कोळ्याला प्रत्येक धाग्याची थरथर कळते. दर्यावरच्या कोळ्याच्या जाळ्याला असा मध्य नसतो. त्यातली प्रत्येक गाठ दुसऱ्या गाठीसारखीच असते आणि एखादी सुटली तरी बाकीचे जाळे तग धरून राहते. दोन्ही जाळी अखेर कोणाला तरी पकडण्यासाठीच असतात, असा आक्षेप कोणी घेईल. उपमा फार ताणू नये हे खरे. मला येथे केवळ विणीकडे लक्ष वेधावयाचे आहे. माझे आजचे प्रतिपादन थोडक्यात असे: महाजाल हे दर्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारखे विणले गेले, आणि त्याचे स्वातंत्र्य त्या विणीत होते. आज मात्र त्याच्या मध्यभागी बसण्याची खटपट अनेकांकडून चालली आहे.

ही वीण कोठून आली ते प्रथम पाहू. अमेरिकेतील पॉल बॅरन या अभियंत्याने 1964 मध्ये संदेशवहनाविषयी काही अहवाल प्रसिद्ध केले. त्या काळची दूरध्वनियंत्रणा मोजक्या मोठ्या केंद्रांवर अवलंबून होती. अणुयुद्धात ती केंद्रे नष्ट झाली तर सारा देश मुका होईल, ही चिंता त्यामागे होती. बॅरन यांनी जाळ्यांच्या तीन आकृत्या काढल्या: एक केंद्र असलेले, अनेक केंद्रे असलेले आणि केंद्रच नसलेले. ही तिसरी आकृती पाहताच मासेमारीच्या जाळ्याची आठवण होते. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे तीच पद्धत शोधून काढली. एक लांब पत्र फाडून त्याचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता व क्रमांक घालून ते निरनिराळ्या वाटांनी धाडावेत आणि मुक्कामी पोहोचल्यावर क्रमाने जुळवून घ्यावेत, अशी ती पद्धत आहे. एक वाट बंद झाली की तुकडा दुसऱ्या वाटेने जातो.

29 ऑक्टोबर 1969 रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये ‘आर्पानेट’ या जाळ्यातून पहिला संदेश गेला. या जाळ्याचा उद्देश युद्धाचा नव्हता; दूरचे संगणक संशोधकांना वापरता यावेत, एवढाच होता. पुढे 1974 मध्ये व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी भिन्न भिन्न जाळी एकमेकांशी बोलू शकतील असे नियम मांडले, आणि त्यांतून सिद्ध झालेली नियमावली 1 जानेवारी 1983 पासून आर्पानेटवर लागू झाली. दरम्यान 1981 मध्ये सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघा संशोधकांनी या रचनेमागील तत्त्व स्पष्ट केले. संदेशाचा अर्थ लावण्याचे, त्याची खातरजमा करण्याचे काम शक्यतो दोन टोकांच्या यंत्रांनी करावे; मधल्या यंत्रणेने केवळ वाहतूक करावी, असे ते तत्त्व आहे. आपल्या टपालवाल्यासारखेच म्हणा ना: पाकिटावरचा पत्ता वाचणे हे त्याचे काम, आतला मजकूर वाचणे हे नव्हे.

या तत्त्वाचे फळ मोठे होते. मधल्या यंत्रणेला काही विचारावयाचेच नसल्यामुळे नवी कल्पना मांडणाराला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत विश्वव्यापी जाळ्याची, म्हणजे वेबची, कल्पना मांडली आणि 30 एप्रिल 1993 रोजी त्या संस्थेने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. महाजालाचे स्वातंत्र्य कोणत्याही राज्यघटनेत लिहिले जाण्यापूर्वी असे त्याच्या विणीतच उतरले होते.

आता आपल्या देशाकडे येऊ. विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्य भारतीयांसाठी ही सेवा सुरू केली. ती वाढली मात्र 1885 सालच्या तार अधिनियमाच्या छायेत. इतिहासाचा विनोद असा की तारसेवा स्वतः 15 जुलै 2013 रोजी बंद झाली, पण तारेसाठी केलेला कायदा मागे राहिला. महाजाल तात्पुरते बंद करण्याविषयीचे 2017 चे नियम त्याच कायद्याखाली करण्यात आले. पुढे 2023 चा दूरसंचार अधिनियम आणि 2024 चे नवे नियम आले. बंद करण्याचा अधिकार मात्र कायम राहिला.

केंद्र नसलेले जाळे एका आदेशाने बंद कसे होते, अशी शंका येथे येईल. त्याचे उत्तर असे की जगभरची वीण कशीही असो, आपल्या हातातील यंत्रापर्यंत येणारा शेवटचा धागा मोजक्या परवानाधारक कंपन्यांच्या हाती असतो. गृहसचिवांचा आदेश त्या कंपन्यांपर्यंत पोहोचला की काम झाले. म्हणजे दर्यावरचे जाळे आपल्या दाराशी येईतो घरातल्या कोळ्याचे झालेले असते.

याची सर्वांत दीर्घ कसोटी जम्मू-काश्मीरने पाहिली. ऑगस्ट 2019 मध्ये तेथील सेवा बंद झाली. जानेवारी 2020 पासून मंदगती सेवा टप्प्याटप्प्याने मिळू लागली आणि जलद मोबाइल सेवा पूर्ववत व्हायला 5 फेब्रुवारी 2021 उजाडला. दरम्यान अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी निकाल दिला. महाजालाच्या माध्यमातून केलेले भाषण आणि चालविलेला व्यवसाय यांना घटनेच्या 19व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. सेवा बेमुदत बंद ठेवता येणार नाही. आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि निर्बंध प्रसंगाच्या प्रमाणातच असला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. मात्र त्या वेळी सेवा लगेच सुरू करण्याचा थेट आदेश दिला नाही. तत्त्व मान्य झाले, तरी तेथील विद्यार्थ्याला आणि व्यापाऱ्याला जलद सेवेसाठी आणखी वर्षभर थांबावे लागले.

बंदी घालणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. अफवा वाऱ्यासारखी पसरते आणि तिच्यामुळे माणसांचे जीव जातात, हे आपण पाहिले आहे. दंगलीच्या वेळी जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे, म्हणजे त्याची अडचण कळते. पण ज्या ठिकाणी अफवा पसरते त्याच ठिकाणी तिचे खंडनही पसरते, आणि बंदीत दोन्ही एकदमच बुडतात. शिवाय एकदा हाती आलेले साधन लहानसहान कारणांसाठीही वापरले जाऊ लागते.

सप्टेंबर 2021 मधील एक अनुभव सांगते. राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षा होती, आणि गैरप्रकार टाळण्यासाठी अनेक जिल्ह्यांत मोबाइलवरील महाजाल दिवसभर बंद ठेवले होते. मी त्या दिवशी तेथील एका गावी होते आणि बरोबरच्या वृद्ध नातलगांसाठी औषध घ्यावयाचे होते. माझ्यापाशी रोख रक्कम पुरेशी नव्हती. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय आपणा सर्वांनाच जडली आहे. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, औषध कागदात गुंडाळले आणि म्हणाला, “बहनजी, पैसे कल दे देना.” दुसऱ्या दिवशी मी पैसे दिले. त्याच्या सौजन्याने माझे भागले. परंतु माझ्यामागे रांगेत एक मजूर होता, त्याला कोणी ओळखत नव्हते आणि तो रिकाम्या हाताने परतला. परीक्षेशी त्याचा काय संबंध होता? एका परीक्षेसाठी अख्ख्या जिल्ह्याचा व्यवहार थांबविणे हे प्रमाणाच्या कोणत्या मापात बसते?

अशा बंदीचा उपयोग होतो की नाही, हे तपासता तरी येते का? संसदेच्या दूरसंचारविषयक स्थायी समितीने डिसेंबर 2021 च्या आपल्या अहवालात नमूद केले की देशातील अशा बंदींची एकत्रित नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो, ना गृह मंत्रालय. ज्या औषधाचा गुण कधी मोजलाच गेला नाही, ते वारंवार देत राहण्याचा हा प्रकार आहे.

मध्यभागी बसू पाहणारा दुसरा कोळी म्हणजे मोठ्या कंपन्या. 2015 मध्ये काही निवडक संकेतस्थळे विनाशुल्क देण्याच्या योजना आपल्याकडे आल्या. त्यांत फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना विशेष गाजली. गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले काय वाईट, असा युक्तिवाद होता आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. परंतु ‘थोडे’ म्हणजे कोणते, हे ठरविणार कोण? ज्या ग्रंथालयात विशिष्ट प्रकाशकांचीच पुस्तके फुकट मिळतात, तेथे बाकीच्या प्रकाशकांची कपाटे हळूहळू धूळ खात पडतात. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दहा लाखांहून अधिक नागरिकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला पत्रे धाडली, आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई केली. टपालवाल्याने पाकीट उघडू नये, या जुन्या तत्त्वाचाच तो पुनरुच्चार होता. अमेरिकेत या बाबतीत 2015 मध्ये नियम झाले, 2017 मध्ये रद्द झाले, 2024 मध्ये पुन्हा आले आणि जानेवारी 2025 मध्ये तेथील न्यायालयाने ते रद्दबातल ठरविले. तेव्हा मिळविलेले स्वातंत्र्य राखावेही लागते, हे आपण विसरता कामा नये.

तिसरा प्रश्न उद्याचा आहे, आणि तो आपल्या घरात शिरला आहे. आता दिवे, कुलुपे, विजेचे मीटर, मोटारी आणि पुस्तकेही महाजालाशी जोडली जात आहेत. पुस्तकाचेच उदाहरण घेऊ. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉन कंपनीने आपल्या वाचनयंत्रांतून, ग्राहकांनी विकत घेतलेल्या काही प्रती परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्यापाशी हक्क नव्हते म्हणून तसे केले. पैसे परत दिले आणि पुढे क्षमाही मागितली. ती पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेल यांची ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’. कंपनीचा हेतू दुष्ट नव्हता, हे मान्य. पण वाचकाच्या कपाटातून रात्रीत पुस्तक नाहीसे होऊ शकते, हे त्या दिवशी जगाला कळले. पुढे मे 2016 मध्ये अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे घरगुती उपकरण मूळ कंपनीच्या नव्या मालकाने आपली दूरस्थ सेवा थांबविल्यामुळे निरुपयोगी झाले. उपकरण मोडले नव्हते. फक्त दूरवरून येणारी आज्ञा थांबली होती. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला, कारखान्यातलाच परवलीचा शब्द कधी न बदललेल्या असंख्य कॅमेऱ्यांचा आणि तत्सम उपकरणांचा ताबा घेऊन कोणी तरी ‘डिन’ या कंपनीवर हल्ला केला, आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. मालकाच्या घरात बसून उपकरणे परक्याची चाकरी करीत होती.

म्हणून घरात असे यंत्र आणताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. जोडणी तुटली तर हे चालेल काय? हे आज्ञा कोणाची ऐकते, माझी की निर्मात्याची? आणि माझ्या घरात जे पाहते ते कोणाला सांगते? तिसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे आता कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्राहकाने दुकानातच मागितली पाहिजेत. शासनालाही असेच विचारावे: बंदीचा आदेश प्रसिद्ध केला काय, त्याची मुदत किती, आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे कोणी तपासले?

मित्रहो, हे ग्रंथालयाच्या वाचकांना सांगण्याचे एक कारण आहे. ग्रंथपाल पुस्तक देतो, त्याची नोंद ठेवतो. पण ते आपण का वाचता असे विचारीत नाही, आणि घरी येऊन त्यातली पाने फाडीत नाही. मध्ये असूनही मध्यभागी न बसण्याची ही रीत ग्रंथालयांनी फार पूर्वीपासून जपली आहे. महाजालाकडून आपण याहून वेगळे काही मागत नाही.

दर्यावरून परतल्यावर कोळी किनाऱ्यावर जाळे पसरतात आणि घरची माणसे मिळून तुटलेल्या गाठी सांधतात. ते काम रोजचेच असते. महाजालाच्या गाठी सांधण्याचे कामही केवळ अभियंत्यांवर सोडून चालणार नाही. त्यात आपल्यासारख्या वाचकांचाही वाटा आहे, एवढेच मला सुचवावयाचे होते.