मोबाईलचे इंटरफेस आणि त्यांचे पत्ते

मोबाईल हातात एकच यंत्र वाटत असला, तरी जाळ्याच्या दृष्टीने त्याला अनेक दारे असतात. या प्रत्येक दाराला इंटरफेस म्हणतात आणि फोनची प्रणाली त्याला स्वतंत्र नाव देते. अँड्रॉइड फोनवर वाय-फायच्या इंटरफेसचे नाव बहुधा ‘डब्ल्यूलॅन०’ असते, तर मोबाईल डेटाचे नाव क्वालकॉमची चिप असल्यास ‘आरएमनेट’ने आणि मीडियाटेकची असल्यास ‘सीसीएमएनआय’ने सुरू होते. ही नावे फोनच्या आतच वापरली जात असल्यामुळे लाखो फोनांवर तेच नाव आढळले, तरी गोंधळ होत नाही.

बाहेर जातो तो हार्डवेअर पत्ता, म्हणजेच मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा असून शून्य ते नऊ आणि ‘ए’ ते ‘एफ’ अशा सोळा चिन्हांतून बारा स्थानांत लिहिला जातो. त्याचा पहिला भाग आयईईई ही संस्था उत्पादकाला नेमून देते आणि उरलेला उत्पादक ठरवतो. प्रत्येक यंत्राचा पत्ता जगात एकमेव असावा, या कल्पनेची मांडणी योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१च्या निबंधात केली होती, आणि त्यांपैकी दलाल हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी होते, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही.

मात्र जागेवरच्या संगणकासाठी सोयीचा असलेला हा कायमचा पत्ता खिशातून फिरणाऱ्या फोनसाठी धोक्याचा ठरला. वाय-फाय चालू असलेला फोन ओळखीचे जाळे शोधताना, कोठेही न जोडला जाता, आपला पत्ता आसपास प्रसारित करीत असे. म्हणून सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाई, व्यवसायासाठी आटपाडी, खानापूर वा माणमधून परराज्यांत गेलेल्या माणसाचा फोनही वाटेतल्या बसस्थानकांवर आणि बाजारपेठांत एकाच खुणेने ओळखता येणे शक्य होते. ॲपलने २०१४ मध्ये अशा शोधासाठी यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही क्रमाविना निवडलेला, पत्ता वापरण्यास सुरुवात केली. पुढे २०१९च्या अँड्रॉइड १० आणि २०२०च्या आयओएस १४ पासून जाळ्याशी जोडतानाही प्रत्येक जाळ्यासाठी निराळा पत्ता वापरण्याची पद्धत रूढ झाली. पत्त्यातील दुसरे चिन्ह २, ६, ‘ए’ किंवा ‘ई’ असेल, तर तो उत्पादकाने दिलेला नसून फोनने स्वतः तयार केलेला आहे, असे सामान्यतः समजावे.

म्हणूनच दहिवडी किंवा म्हसवडच्या एखाद्या वाचनालयात वा कार्यालयात पत्त्यांच्या यादीवरूनच वाय-फाय मिळत असेल, तर सेटिंग्जच्या ‘फोनविषयी’ या भागातून उतरवलेला कायमचा पत्ता तेथे चालत नाही. फोन त्या जाळ्याला वेगळाच पत्ता दाखवीत असतो. अशा वेळी केवळ त्या विश्वासाच्या जाळ्यापुरता मूळ पत्ता निवडावा, सरसकट संरक्षण काढून टाकू नये.

हा पत्ता वाय-फायच्या राउटरपलीकडे जात नाही, त्यामुळे संकेतस्थळाला तो दिसतो, हा समज चुकीचा आहे. मोबाईल डेटावर तर त्याची गरजच पडत नाही. तेथे सिमवरची ओळख आणि फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक यांवर काम चालते. फोन चोरीला गेल्यास तो बंद करण्यासाठी संचार साथी पोर्टलवर हा आयएमईआयच द्यावा लागतो. तेव्हा प्रत्येकाने *#०६# दाबून आपला क्रमांक आजच कागदावर उतरवून ठेवावा.